साळवेमामांची झील

साळवेमामांशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप होता. भांडण नाही, वाद नाही, आवाज कधी चढलेला नाही. पण पाच मिनिटं बोलून माणूस बाजूला झाला की त्याला कळत नसे, आपलं म्हणणं यांना पटलं की नाही. कारण मामा समोरच्याच्या वाक्याचं शेपूट उचलायचे. मी म्हणायचो, "मामा, आज बस उशिरा येणार." मामा रस्त्याकडे बघत म्हणायचे, "उशिरा येणार..." आता हे 'हो' होतं, 'असं होय?' होतं, की 'तुला काय कळतंय?' होतं, हे देवालाच ठाऊक. आणि मामा देव मानत नसत, त्यामुळे तीही वाट बंद.

त्यांची माझी ओळख झाली ती एका अशा भानगडीत, जी मला अजून कोणाला नीट समजावून सांगता येत नाही. चाकणच्या आमच्या कंपनीला बरीच वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठरला होता. एरवी अशा वेळी ऑर्केस्ट्रा म्हणजे हिंदी गाणी, एक बडबड्या निवेदक आणि जेवणात पनीर. त्या वर्षी परदेशातल्या मुख्य ऑफिसात कोणाच्या तरी डोक्यात आलं की खराखुरा ऑर्केस्ट्रा आणायचा. रांगेनं बसलेले व्हायोलिनवाले, मोठमोठी पितळी वाद्यं, पुढे चार मुख्य गायक आणि सगळ्यांच्या मागे भला मोठा कोरस. वादक आणि गायक बाहेरून येणार होते, कोरस मात्र कामगारांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. गाणं लॅटिनमध्ये. ती भाषा आता कुठे बोलतच नाहीत हे कळल्यावर आमच्या शॉपफ्लोअरला फार बरं वाटलं. म्हणजे चुका काढणारं कोणी नाही.

मोशीला घरी सांगितलं, तर आई म्हणाली, "कशाचं हाय गानं?" मी म्हटलं, मेलेल्या माणसांना शांतता मिळावी म्हणून प्रार्थना आहे, तास-दीड तास चालते. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "कंपनीत कोन गेलं व्हय?" त्या सबंध प्रकरणात मला कशाचंच धड उत्तर देता आलं नाही, ती ही सुरुवात.

शिकवायला पुण्याच्या कॅम्पातून डिसूझा सर यायचे. उंच, वाळका माणूस. चिडला की मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात कोंबायचा. शुक्रवारी शिफ्ट सुटली की चिंचवडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. पहिल्या दिवशी प्रत्येकानं एकट्यानं काहीतरी गाऊन दाखवायचं होतं. माझ्या पुढच्यानं आरती म्हटली, मी घाबरून राष्ट्रगीत म्हटलं, त्यामुळे सगळ्यांना उभं राहावं लागलं. माझ्यानंतर सुजाता आली, मी सुपरवायझर असलेल्या पेंट शॉपमधली. तिनं आपलं गाऊन झाल्यावर मागे उभ्या असलेल्या वडिलांना पुढे ढकललं. हेच साळवेमामा. बुटके, रुंद खांद्यांचे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात लवंगांची डबी. पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, राहायला काळेवाडी, मूळ गाव जालन्याकडचं.

"गा," सर म्हणाले.

"तुमी म्हना," मामा म्हणाले.

"मी? मी कशाला? ऑडिशन तुमची आहे."

"काय बी म्हना सर. मी मागून घेतो."

"अरे बाबा, तुम्ही सुरू करा ना!"

"सुरू करा ना..." मामा म्हणाले आणि शांत उभे राहिले.

सुजातानं कपाळावर हात मारला. सरांनी शेवटी वैतागून चर्चमधली कसलीशी एक ओळ गायली. ओळ संपते न संपते तोच मामांनी डावा हात कानावर ठेवला आणि त्या ओळीचं शेवटचं टोक उचलून असं काही वर नेलं, की पार्किंगमध्ये झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. सर पियानोची कड धरून बघत राहिले. मग म्हणाले, "टेनर. म्हणजे उंच आवाजवाले. शेवटची रांग." शेवटच्या रांगेत मी होतो. मामा माझ्या शेजारी आले आणि त्यांनी मला एक लवंग दिली.

मामा झीलकरी होते. आमच्याकडे पोवाड्यात, गोंधळात, जलशात पुढचा गातो, त्याची ओळ संपत आली की मागचे तिचं टोक उचलतात आणि पुढच्याचा श्वास भरून होईपर्यंत धरून ठेवतात. ती झील. झीलकरी कधी सुरुवात करत नाही आणि पुढच्याला कधी उघडा पडू देत नाही. मामांनी तरुणपणापासून शिफ्ट सांभाळून हेच केलं होतं. जयंतीच्या जलशांत शाहीर पुढे आणि मागे तिघं, त्यातले एक मामा. म्हातारपणापर्यंत ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की बसमध्ये ते मागच्या सीटवर बसायचे, दारातून सगळ्यांच्या शेवटी आत यायचे, आणि बोलताना दुसऱ्याच्या शब्दांची टोकं धरायचे. हे मला कळलं तेव्हा डोक्याचा ताप जरा उतरला. पण 'हो' की 'नाही' ते कळेचना.

तालमीत आमच्या हातात कागद असायचे. नोटेशन आम्हाला वाचता येत नव्हतं, खाली देवनागरीत लिहून घेतलेलं लॅटिन तेवढं वाचायचो. मामा कागद घ्यायचे आणि बंद ठेवायचे. "कागद बगितला की मान खाली जाती," ते म्हणायचे, "मान खाली गेली की पुढचा दिसत नाई." सगळं कानानं उचलायचे, त्यामुळे सुरुवातीला आमच्या केसभर मागून यायचे. सर ओरडायचे, "साळवे, सगळ्यांबरोबर!" मामा म्हणायचे, "सगळ्यांबरोबर..." आणि पुन्हा केसभर मागे. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. पावसाळा सरेपर्यंत ते खरंच सगळ्यांबरोबर यायला लागले, आणि त्या दिवशी सर खाली बसून पाणी प्यायले.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, तुम्ही देव मानत नाही. मग ही प्रार्थना कशी म्हणता?"

"शांतताच मागायलेत ना?" मामा म्हणाले. "मागू द्या की. मी मागं हाय."

त्यांच्या शाहिराची गोष्ट त्यांनी मला एकदा बसमध्ये सांगितली. काळेवाडीतला जलसा, समोर ही गर्दी. शाहिरानं ओळ टाकली, मागच्यांनी झील धरली आणि शाहीर पुढची ओळ विसरला. मामांना ते त्याच्या पाठीवरून कळलं. "मानूस इसरला ना कुदळेसाहेब, की त्याची पाठ ताठ व्हती. तोंड हसतं, पाठ नाई हसत." मामांनी झील सोडलीच नाही. फिरवली, परत फिरवली, वर नेली, खाली आणली. लोक टाळ्या पिटायला लागले. मग पाठ सैल पडली, शाहिरानं पुढचं घेतलं. "लोकाला वाटलं, आज झील लई रंगली. त्याच्या बायकोला बी कधी कळलं नाई." मामा खूश होऊन हसले. एवढं सलग बोललेले मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

तो शाहीर वारला होता. बाकीच्या दोघांतला एक गावी गेला, एकाचा आवाज बसला. सुजातानं मला कँटीनमध्ये गाठून हे सांगितलं. "कुदळे सर, शाहीरकाका गेले तेव्हापासून पप्पा घरात बोलतच नव्हते. गाणं तर सोडाच. एकट्याला झील कशी धरणार? इथं यायला लागले तशी आता घरात माझ्या बोलण्याचं शेपूट उचलतात. वैताग येतो, पण बरं वाटतं हो. त्यांना इथून काढलं, तर परत गप्प होतील. तुम्ही शेजारी असता. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवायची वेळ लगेच आली. कार्यक्रम जवळ आला तशा मुख्य गायिका तालमीला येऊ लागल्या. मोनिकाबाई वसईच्या, परदेशात शिकून आलेल्या, आवाज असा की ऐकताना आपण उगाच सरळ उभे राहतो. गाण्याच्या शेवटाकडे त्यांची एक एकटीची ओळ होती. ती उंच जाऊन अर्ध्यावर थांबायची आणि मग काहीच नाही. ऑर्केस्ट्रा गप्प, कोरस गप्प, सरांचा हात वर, म्हणजे थांबा. ती शांतता कागदात लिहिलेली होती, मोजून. मग बाई पुढची ओळ घेणार आणि सगळे उसळून येणार. पहिल्या तालमीत बाई थांबल्या, आणि त्या शांततेत साळवेमामांनी झील धरली. पूर्ण आवाजात.

मोनिकाबाई दचकून मागे वळल्या. सरांनी वर गेलेला हात झटक्यात खाली आणला.

"साळवे! हे काय?"

"बाई एकल्या पडल्या ना सर."

"एकट्याच पडायचंय त्यांना! तसं लिहिलंय!"

"तसं लिहिलंय..." मामा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. एखाद्या बाईला भर गर्दीत एकटं सोडायचं, आणि ते आधी लिहून ठेवायचं, हे त्यांना झेपेना.

पुढच्या तालमीला पुन्हा तेच झालं. मग सरांनी त्यांना बाजूला घेतलं आणि मला साक्षीला बोलावलं. सर चिडलेले नव्हते, हे जास्त वाईट होतं. "साळवे, तुमचा आवाज मला पाहिजे. पण आता आणखी एकदा झालं, तर मी तुम्हाला ठेवू शकत नाही. समजलं? घ्यायचं नाही."

"घ्यायचं नाही..." मामा म्हणाले. आता ही कबुली होती की आणखी काही, ते ना सरांना कळलं ना मला. शेवटी असं ठरलं की ती जागा आली की मी मामांची बाही धरायची. उरलेल्या तालमींत मी बाही धरली आणि मामा गप्प राहिले. पण त्या शांततेत त्यांचा हात माझ्या मुठीत उकळत्या भांड्याच्या झाकणासारखा थडथडायचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी चिंचवडचं नाट्यगृह गच्च भरलं होतं. आम्ही सगळे पांढऱ्या शर्टात, पायऱ्यापायऱ्यांवर उभे. पुढे ऑर्केस्ट्रा, त्याच्याही पुढे चौघं गायक, म्हणजे आम्हाला त्यांच्या पाठीच दिसणार. माझी आई दुसऱ्या रांगेत बसून मला हात करत होती. गाणं कसं झालं ते मला विचारू नका. मधूनमधून असं वाटत होतं की माझ्या तोंडातून दुसरंच कोणी गातंय. भाषा कळत नव्हती, देव माझा नव्हता, मेलेलं कोणी नव्हतं, तरी माझे डोळे भरून येत होते. का, ते अजून कळलेलं नाही.

मग ती जागा आली. मी मामांची बाही धरली. मोनिकाबाई वर गेल्या, थांबल्या. शांतता. सरांचा हात वर. मी आकडे मोजत होतो, आणि मोजता मोजता चुकलो. शांतता संपली असावी असं वाटलं, पण ती चालूच राहिली. तालमीत एवढी होती का? कार्यक्रमात मोठी करतात का? मी शेजारच्याकडे बघितलं, तर तो माझ्याकडे बघत होता. कोणीतरी खोकलं. बाईंची पाठ समोर होती, पण गळ्यापर्यंत बंद असलेल्या त्या काळ्या झग्यात पाठ ताठ की सैल ते कसं कळणार? सरांचा हात अजून वर. माझ्या मुठीतली बाही एकदम शांत झाली, आणि मला वाटलं, चला, मामा सुधारले.

आणि मामांनी झील धरली.

बाही धरून आवाज थोडाच धरला जातो? पण ती पूर्ण आवाजात नव्हती. अगदी हळू, शेजारच्या खोलीत मूल झोपलं असावं तशी. त्यांनी बाईंच्या ओळीचं टोक उचललं आणि धरून ठेवलं. किती वेळ, सांगता येत नाही. मग मोनिकाबाईंनी पुढची ओळ घेतली, सरांचा हात खाली आला आणि आम्ही सगळे उसळून आत शिरलो. शेवटी लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

आता बाई विसरल्या होत्या, की ती शांतता तशीच होती? मी विचारून विचारून थकलो. एक व्हायोलिनवाला म्हणाला, विसरल्याच. पितळी वाद्यवाला म्हणाला, छे, असंच वाजतं ते. कंपनीनं केलेला व्हिडिओ मागवून बघितला, तर नेमक्या त्या जागी कॅमेरा परदेशी साहेबांच्या तोंडावर, आणि साहेब डोळे मिटून बसलेले. तेही ऐकत होते की झोपले होते, कळत नाही. डिसूझा सरांना विचारलं, तर म्हणाले, "हात माझा वर होता." म्हटलं, पण सर, इतका वेळ का वर होता? ते चष्मा पुसत राहिले.

मोनिकाबाई त्याच संध्याकाळी विंगेत मामांपाशी आल्या होत्या. मी तिथेच होतो. त्या म्हणाल्या, "मामा, मी विसरले नव्हते हं."

"विसरले नव्हते..." मामा म्हणाले.

बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, जरा जास्तच वेळ, आणि गेल्या. त्यांचे डोळे ओले होते. पण त्या दिवशी सगळ्यांचेच होते, त्यामुळे तो काही पुरावा नाही.

मी मामांना विचारलं, "खरं सांगा. पाठ ताठ होती का?"

"ताठ होती का..." मामा म्हणाले आणि लवंगेची डबी शोधू लागले.

लोकांना कोरस आवडला म्हणून कंपनीनं तो चालू ठेवायचं ठरवलं. पहिल्याच शुक्रवारी सर हॉलच्या दारात उभे होते. मामा सगळ्यांच्या शेवटी आले तेव्हा सरांनी त्यांना थांबवलं. "साळवे, चूक झाली असं मी म्हणत नाही. बरोबर झालं असंही म्हणत नाही. पण आता हात वर केला की माझं लक्ष तुमच्याकडेच जातं, की हे घेणार. असा कोरस मला चालवता येत नाही. सॉरी." मामांनी मान डोलावली. या वेळी त्यांनी सरांच्या वाक्याचं टोक उचललं नाही. वळले आणि गेटमधून गेले. मला सरांचा राग आला, आणि सरांचं बरोबर आहे असंही वाटलं, आणि या दोन्हींचं काय करायचं ते समजेना.

सुजाता म्हणाली होती तसंच झालं. दिवाळीनंतर मी काळेवाडीला त्यांच्या घरी गेलो. मामा खुर्चीत बसले होते, शर्टाला तीच कडक इस्त्री. मी म्हटलं, "मामा, कोरसची मजा गेली." काही नाही. म्हटलं, "बाहेर गारठा वाढलाय." काही नाही. ते माझ्याकडे प्रेमानं बघत होते, पण वाक्य जसं पडलं तसं पडूनच राहायचं. मला फार वाईट वाटलं. ज्या शेपटाचा वर्षभर वैताग केला, ते ऐकायला मी तिथे बसून राहिलो. सुजातानं चहा आणला. "रोज असंच," ती म्हणाली.

उन्हाळ्यात सुजाताची बदली वाळूजच्या प्लँटला झाली. सामान हलवायच्या दिवशी मी सकाळीच गेलो. गल्लीत टेम्पो उभा होता, कपाट, गाद्या, भांडी चढवून झाली होती. मामा सवयीनं मागे सामानात बसायला निघाले, तर टेम्पोवाला म्हणाला, "काका, पुढं बसा, मागं ऊन लागंल." सुजातानंही दटावलं. मामा नाइलाजानं पुढे जाऊन बसले. मी मागे दोर आवळत होतो. केबिनच्या मागच्या काचेतून त्यांची पाठ दिसत होती, आणि खिडकीतून बाहेर आलेलं कोपर.

आणि मामांनी गायला सुरुवात केली.

मागून घेतलेलं नव्हतं, कारण पुढे कोणीच नव्हतं. मोनिकाबाईंची ओळ, खालच्या पट्टीत, लॅटिनचा पार चुराडा केलेली. पण ओळ तीच. सुजाता कुलूप हातात घेऊन दारातच थांबली. मामा वर गेले आणि बाई थांबायच्या तिथे थांबले.

गल्ली गप्प झाली. मी काचेतून बघत होतो. पाठ ताठ होती का? टेम्पोच्या सीटवर कोणाचीही पाठ ताठच दिसते. पुढचं विसरले होते, की ही लिहिलेली शांतता पाळत होते? की वाट बघत होते? इथे हात वर करणारं कोणी नव्हतं. मी मोजायला लागलो आणि पुन्हा चुकलो. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

मी घेतली. दोर हातात तसाच, डावा हात आपोआप कानावर गेला, आणि मामांच्या ओळीचं टोक मी बेसूर, नको तितक्या मोठ्यानं उचललं. माझा श्वास संपत आला तशी मागून सुजाता आली, रडत रडत, पण माझ्यापेक्षा सुरात. काचेपलीकडे मामांचे खांदे खाली आले. त्यांनी मान वळवली नाही. पुढची ओळ घेतली आणि शेवटपर्यंत म्हटली.

टेम्पोवाला आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं चावी फिरवली. सुजाता मामांशेजारी चढली. मी धावत खिडकीपाशी गेलो.

"येतो मग, कुदळेसाहेब," मामा म्हणाले.

"येतो मग..." मी म्हटलं.